फूड लॅबमध्ये ‘फाइव्ह एस’ लावायला निघालात? आधी बाटल्या कुणाच्या ते विचारा

गोव्यातल्या एका कॉलेजात फूड टेक्नॉलॉजीच्या लॅबवर लेक्चर बेसिसवर लागले, आणि पहिल्याच आठवड्यात रिफ्रॅक्टोमीटर गायब. जॅमचं प्रॅक्टिकल, वीस पोरं, कढईत अननस रटरटतोय, 65 ब्रिक्सला, म्हणजे साधारण 65 टक्के साखर झाली की, उतरवायचा आणि ती मोजायचं यंत्रच नाही. शेवटी थंड ताटलीत थेंब टाकून, पाणी सुटतंय का बघत, आई करते तसा अंदाजाने उतरवला. यंत्र दुसऱ्या दिवशी केकच्या साच्यांखाली मिळालं.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत फाइव्ह एस वाचायला घेतलं. जपानी कारखान्यांतली पद्धत, टोयोटामुळे जगभर गेली. सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं, सेइतोन म्हणजे उरलेल्याला जागा ठरवणं, सेइसो सफाई, सेइकेत्सु म्हणजे हे तिन्ही रोज एकाच पद्धतीने होईल असं ठरवून टाकणं आणि शित्सुके म्हणजे ते अंगवळणी पडणं. वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि वाचल्यावर वाटतं की एवढंच ना, हे तर आजी करायची!

मग मी सेइरीला बसले आणि पहिलाच घोळ माझ्याच हातून झाला. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार बाटल्या होत्या, लेबल नाही, तळाला लाल गाळ, तोंडाला चिकट. ओतल्या बेसिनमध्ये. सोमवारी शेवटच्या वर्षाची मुलगी दारात उभी, ‘टीचर, म्हजी बाटली खंय?’ भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, सरबताचा टिकाऊपणाचा अभ्यास होता तिचा, सहावा आठवडा चालू होता, आणि लेबल होतं पण फ्रिजच्या ओलीने गळून पडलेलं. तिने परत पहिल्यापासून केलं सगळं. माझ्याशी बोलली नाही महिनाभर, बरोबरच आहे.

म्हणून सांगते, कारखान्यात नको ती वस्तू ओळखू येते, पण आपल्याकडे मुद्दाम खराब होऊ दिलेलं खाणं हाच अर्धा अभ्यास असतो. लाल टॅग लावा, तारीख घाला, एका वेगळ्या कपाटात पंधरा दिवस ठेवा आणि सगळ्या बॅचेसना सांगा, कुणी विचारायला आलं नाही तरच टाका. यंत्रांचं तर अजूनच वेगळं. मोडका मिक्सर तुम्हाला नकोय पण तो डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या वहीत आहे, राइट ऑफ होऊन तिथून नाव कमी झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आमचा एक लाल टॅग लावून दीड वर्ष तसाच उभा होता, टॅगचा रंग उडून गुलाबी झाला. नवीन माणसाने या भानगडीत जोर लावू नये, अर्ज द्या, इनवर्ड नंबर घ्या, पुढे चला.

सगळ्यात फायद्याचं काम जागा ठरवण्याचं, आणि त्यातही पांढऱ्या पावडरींचं. सायट्रिक अ‍ॅसिड, सोडियम बेंझोएट, केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट; हे शेवटचे दोन प्रिझर्वेटिव्ह), सगळं एकसारख्या बरण्यांत एकाच फळीवर होतं. एका पोराने सरबतात सायट्रिक म्हणून केएमएस घालायला घेतलं, बरणी उघडल्यावर पेटवलेल्या काडीसारखा वास नाकात गेला म्हणून वाचलो. आता प्रिझर्वेटिव्ह वेगळ्या कपाटात, पिवळ्या झाकणाच्या बरण्यांत, आणि त्या कपाटात चमचा नाहीच, वजनकाट्यावर मोजूनच घ्यायचं. चूक करायला जागाच ठेवायची नाही, याला जपानीत पोका-योके म्हणतात. तसंच काचेचे बीकर केमिस्ट्रीच्या बाजूला आणि स्टीलची भांडी खाण्याच्या बाजूला, मध्ये जमिनीवर पट्टी. चाखायचे चमचे पट्टी ओलांडत नाहीत. चॉपिंग बोर्डांचे रंग ठरलेलेच असतात, कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळा, सॅलडला हिरवा. फक्त सेटमध्ये निळा एकच येतो आणि बांगडे कापायला पाच ग्रुप असतात, तेव्हा निळे जास्तीचे मागवा.

गोव्यात हे करताना पावसाचा विचार आधी करा, तो कुठल्याच पुस्तकात नाही. मी मोठ्या हौसेने प्लायवर सुऱ्या, चिमटे, थर्मामीटर यांच्या बाह्यरेषा काढून बोर्ड टांगला, जुलैत प्लाय फुगला आणि वर बुरशीची नक्षी आली. प्लास्टिकचा सनबोर्ड घ्या. कागदी लेबलं विसरा, ऑइल पेंटने बरणीवरच लिहा. डेसिकेटरमधलं (वस्तू कोरड्या ठेवायचं बंद भांडं) ओल शोषणारं निळं सिलिका जेल जूनमध्ये बघता बघता गुलाबी होतं, ते ओव्हनमध्ये तापवून परत निळं करायचं काम कुणाचं आणि कुठल्या वारी, हे भिंतीवर लिहिलेलं हवं. सफाई करताना फडका मारून मोकळं व्हायचं नाही, बघायचं पण. फ्रिजच्या दाराचं रबर पुसतानाच आम्हाला ते फाटलेलं सापडलं, तोवर दूध 5 डिग्रीच्या वर का जातंय म्हणून आम्ही विजेला शिव्या घालत होतो.

आता शित्सुके. खरं सांगायचं तर कारखान्यातला कामगार रोज त्याच टेबलावर येतो, आपल्याकडे दर दोन तासांनी नवी वीस पोरं येतात, आणि लेक्चर बेसिसवाल्या टीचरचंही पुढच्या जूनचं काही खरं नसतं. पहिलं वर्षभर मीच मागे राहून सगळं जागेवर ठेवायचे, सहाची कदंबा बस चुकायची, आणि आजारी पडून चार दिवस घरी राहिले तर लॅबचा परत बाजार. तेव्हा आवरायचं बंद केलं. नियम एकच ठेवला, येणाऱ्या बॅचने आधी बोर्ड बघायचा, काही कमी असेल तर लिहून सही करायची, मगच गॅस चालू. गेलेल्या बॅचचे मार्क त्या कागदावरून. लगेच चालू झालं नाही, दोन महिने एकमेकांवर ढकलाढकली आणि एकदा तर भांडणच.

नंतर एकदा मी वहीत मार्क भरत होते, तर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभी, थर्मामीटरची जागा रिकामी. मला काही न विचारता ती सरळ कँटीनला गेली. आधीच्या बॅचमधला पोरगा पातळभाजी-पाव खात बसलेला, थर्मामीटर त्याच्या एप्रनच्या खिशात. पाव अर्धा टाकून त्याला वर घेऊन आली.