चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्या: ऋतू पालटताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडून दहा दिवस झाले होते. उन्हाळाभर करपलेला माळ पोपटी झाला होता आणि शेळ्या सकाळी वाडग्याचं फाटक उघडायच्या आधीच त्याला धडका द्यायच्या. चार महिने कडबा, बाभळीच्या शेंगा आणि मिळेल ती काडी खाऊन काढलेले जीव ते. आम्हीही मनसोक्त चरू दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे कळपातलं सगळ्यात गुबगुबीत करडू आडवं पडलेलं दिसलं. मान मागे ताणलेली, पाय सायकल मारल्यासारखे हलत होते. डॉक्टर येईपर्यंत गेलं. आदल्या संध्याकाळी ते आईच्या सडाला लुचत होतं. आजी म्हणाली, दृष्ट लागली. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं, तेव्हा मूत्रपिंड बोटाने दाबलं की चिखलासारखं पसरत होतं. आंत्रविषार.

त्याला बरीच वर्षं झाली. करमाळा-परांड्याच्या पट्ट्यात, कोरडवाहू रानात, आमच्या तीसेक उस्मानाबादी शेळ्या, दहा-बारा दख्खनी मेंढ्या आणि दोन गाई आहेत. सगळं चरणीवर. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. जनावर भर उन्हात किंवा भर पावसात दगावण्यापेक्षा ऋतू पालटतो त्या पंधरवड्यात जास्त दगावतं. आणि त्याला कारण झालेली चूक आपण बहुतेक वेळा महिना-दोन महिने आधीच केलेली असते.

उपाशी कळप कोवळ्या गवतावर सोडणं

शेळी जे खाते ते तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव पचवतात. उन्हाळाभर त्यांना कडब्याची सवय लागलेली असते. एकदम पाणीदार, कोवळं गवत पोटात गेलं की त्यांची घडी विस्कटते. ती पुन्हा बसायला दहा-बारा दिवस लागतात. एरवी आतड्यात थोड्या संख्येने असणारे आंत्रविषाराचे जंतू याच दिवसांत भरमसाट वाढतात आणि विष सोडतात. जे करडू सगळ्यात जास्त खातं, सगळ्यात तजेलदार असतं, त्यालाच हा रोग आधी गाठतो. म्हणून लोकांना ती दृष्ट वाटते.

यावर लस आहे, आणि ती पाऊस पडल्यावर टोचून उपयोग नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला पहिला डोस आणि ज्यांना पूर्वी कधीच दिली नसेल त्यांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा, म्हणजे मृगापर्यंत अंगात ताकद तयार होते. पुढे दरवर्षी पावसाआधी एक. करडं तीन-चार महिन्यांची झाली की त्यांनाही घ्या. घटसर्पाचीही लस पावसाआधीच द्यायची असते, पण एकाच दिवशी सगळ्या सुया टोचून मोकळं होऊ नका. अंतर किती ठेवायचं ते दवाखान्यात विचारून घ्या. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग; त्याची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते, म्हणून ती कोणत्या साली दिली हेच पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने साल लिहिलेलं असतं.

आणि लस दिली तरी पहिले दहा दिवस सकाळी सोडण्याआधी प्रत्येकीपुढे कडबा किंवा तुरीचं भुसकट टाकाच. पोटात वाळलेलं काही असलं की जनावर हिरव्यावर तुटून पडत नाही. पहिल्या दिवशी तासभर चारायचं, मग रोज थोडं वाढवायचं. आमच्याकडे हे काम आईचं. कितीही घाई असली तरी ती त्यात तडजोड करत नाही.

दहिवरात चारणं

पावसाळ्यात जनावराला खरा पोखरतो तो पोटातला गोल जंत. शेळीच्या चौथ्या पोटात बसून तो रक्त पितो. लेंड्यांतून पडलेल्या अंड्यांतून पावसाळी उबेत आठवडाभरात पिल्लं तयार होतात आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. पातं ओलं असेल तरच ती वर येतात, आणि बहुतेक बुंध्यापासून दोन-तीन बोटांपर्यंतच असतात. यातून दोन गोष्टी निघतात. दहिवर उडाल्याशिवाय कळप सोडायचा नाही, आणि गवत मुळापर्यंत खुरटलं की त्या तुकड्यावर चारायचं थांबायचं.

इथे मला मेंढपाळ धनगरांची आठवण होते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत घाटावर यायचं, आणि वाटेत कुणाच्या शेतात दोन रात्री, कुणाच्या चार रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे मिळतात, आणि मेंढ्या आपल्याच लेंड्यांवर पुन्हा चरत नाहीत. आपण घरधनी मात्र सोय म्हणून घरामागचा एकच बांध चार महिने चारत राहतो. पंधरा गुंठ्यांचा माळ असला तरी काट्याची कुंपणं घालून त्याचे नऊ-दहा तुकडे होतात. पावसात एका तुकड्यावर चार-पाच दिवसच ठेवा, आणि परत यायला निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. मधल्या काळात त्यावर गाय चारली तर आणखी चांगलं. शेळीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात टिकत नाहीत, गाय ते गिळून मोडून टाकते.

जंताच्या औषधाची चूक वेगळीच असते. दुकानातून बाटली आणायची आणि अंदाजाने सगळ्यांना एकाच मापाने पाजायचं. पंधरा किलोची पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरणी मादी, आणि पस्तीस किलोची शेळी यांना एकच मात्रा कशी चालेल? कमी मात्रेत जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. शेळीला मेंढीपेक्षा बऱ्याच औषधांची मात्रा जास्त लागते, हेही थोड्यांनाच माहीत असतं. वजन करा आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका.

जंत झालाय का हे घरीच कळतं. संध्याकाळी कळप आत येताना मी फाटकात उभा राहतो, प्रत्येकीचं तोंड हातात धरून अंगठ्याने खालची पापणी उलटी करतो. आतली कातडी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर तिच्यावर लक्ष ठेवायचं. कागदासारखी पांढरी असेल तर दुसऱ्या दिवशीची वाट पाहायची नाही. दक्षिण आफ्रिकेत याच कामासाठी पाच रंगछटांचा ‘फामाचा’ नावाचा तक्ता तयार झाला, पण महिनाभर रोज पाहिलं की डोळाच तक्ता होतो. ज्यांची पापणी फिकट त्यांनाच औषध द्या. सगळ्या कळपाला दर महिन्याला पाजण्यात पैसाही जातो आणि औषधाचा गुणही.

तळ्याकाठची हिरवळ

हस्त-चित्राच्या सुमारास माळ पिवळा पडतो आणि ओढ्याच्या, पाझर तलावाच्या कडेला हिरवंगार राहतं. राखणाऱ्याला तिथे नेण्याचा मोह होतोच. त्या पाण्यात बारीक गोगलगाई असतात, आणि यकृतातल्या चपट्या कृमीचं अर्धं आयुष्य त्यांच्या पोटात जातं. तिथून ती पाण्याकाठच्या गवतावर येते. दिवाळीनंतर एखादी मेंढी झुरायला लागते, संध्याकाळी तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि सकाळी कमी झालेली दिसते. अशी सूज गोल जंतांनीही येते, म्हणून औषध बदलून बदलून पाहण्याआधी चार-पाच ताज्या लेंड्या डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या. पाणी पाजायला काठावर न्यायचंच असेल तर पाणी पाजून लगेच वर काढा. आम्ही विहिरीवरून पाइप टाकून माळावर हौद बांधला आणि काठाला जाणंच बंद केलं.

याच दिवसांत कुसळी गवत पिकतं. कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातडीत रुततात, ओठात आणि हिरड्यांत टोचतात. मेंढी चरायची थांबली की आधी तोंड उघडून पाहा. कुसळी फुलावर यायच्या आत चारून किंवा कापून घेतली की हा त्रास उरत नाही.

काढणीनंतरचं रान

ही चूक जाणत्या माणसाकडूनही होते, कारण रान रिकामं दिसतं. ज्वारी निघाली की धसकटांतून पुन्हा फुटवे येतात, विशेषतः अवकाळी पाऊस झाला तर. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, किंवा पाण्याचा ताण बसून पिवळी पडलेली ज्वारी, यात सायनाइड तयार करणारा घटक भरपूर असतो. शेळीने चार घास खाल्ले की पाव-अर्ध्या तासात धाप लागते, पाय लटपटतात, तोंडातली कातडी लालभडक होते आणि ती कोसळते. यावरचं औषध शिरेतूनच द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांकडे असतं, त्यामुळे घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. बाकी कळप आधी रानाबाहेर काढा. चांगला वाळलेला कडबा मात्र बाधत नाही.

खळ्याभोवती सांडलेलं धान्य हा दुसरा धोका. बाजरी, ज्वारी, गहू किलो-दीड किलो एकदम पोटात गेलं की पोट आंबतं. शेळी रवंथ बंद करते, दात खाते, पोटावर बुक्की मारली तर आतून पाणी हलल्यासारखा आवाज येतो, हगवण लागते. सुरुवातीलाच लक्षात आलं तर वीस ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून हळूहळू पाजा आणि डॉक्टरांना बोलवा.

पोटफुगी वेगळी. ती हरभऱ्याच्या किंवा लसूणघासाच्या ओल्या पाल्याने होते आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. तेव्हा पन्नास ते शंभर मिलि गोडेतेल पाजायचं, शेळीला पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करायचं आणि कूस चोळत राहायचं. पाजताना तिची मान आभाळाकडे वर करू नका, तेल फुप्फुसात जातं. फुगीने नव्हे, अशा पाजण्याने गेलेली जनावरं मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

आणि शेजाऱ्याच्या कपाशीवर किंवा सोयाबीनवर फवारणी झाली असेल तर तो बांध पंधरा दिवस सोडून द्या. न लाजता विचारायला जा.

बोकड बारा महिने कळपात

शेळी पाच महिन्यांनी विते, म्हणजे साधारण दीडशे दिवसांनी. मोकळा बोकड कळपात असला की करडं आषाढ-श्रावणातही जन्मतात. चिखल, माश्या, आईच्या पोटात जंत, अंगावर दूध कमी, आणि करडांना हगवण. आमच्याकडे एका वर्षी श्रावणातल्या नऊ करडांपैकी दोन जगली. तेव्हापासून हिशेब सरळ आहे: साधारण 15 जानेवारी ते 15 एप्रिल बोकड वेगळा बांधायचा. मग भर पावसात कुणी वितच नाही. वेगळा बांधणं जमत नसेल तर धनगरांसारखं त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधा, ते रोज तपासा. मृगाच्या सुमारास शेळ्या फळल्या की करडं कार्तिक-मार्गशीर्षात येतात, तेव्हा शेळीच्या अंगावर मांसही असतं आणि रानात पालाही. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर बाप-लेकींचीच पैदास सुरू होते.

करडू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. काही घरांत अजून जार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. कृपा करून ही रीत सोडा. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं करडाच्या आतड्यातून रक्तात जायची वाट तासातासाने बंद होत जाते आणि दिवसभरात पूर्ण मिटते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी चार-पाच वेळा मिळून दोनशे मिलि तरी मिळायला हवा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

थंडीत या करडांसाठी गोठा चारही बाजूंनी पोत्यांनी गच्च बांधला जातो, तीही चूकच. सकाळी आत शिरल्यावर मुताच्या वासाने आपले डोळे चुरचुरले, तर करडाच्या फुप्फुसांचं रात्रभर काय झालं असेल? वारा करडाच्या उंचीपर्यंतच अडवा. वर, पत्र्याखाली हातभर जागा मोकळी ठेवा आणि खाली कोरडं भुसकट अंथरा.

डॉक्टरांना फोन करण्याआधी

1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा गावच्या दवाखान्यात फोन लावताना “शेळी बिघडलीय” एवढंच सांगितलं तर त्यांना काही उमगत नाही. फोन लावायच्या आधी दोन मिनिटांत एवढं पाहून घ्या: काल आणि आज कुठल्या रानात चरली, रवंथ करते का, डावी कूस कशी लागते, लेंड्या घट्ट की पातळ, पापणी कुठल्या रंगाची, गाभण आहे का आणि किती महिन्यांची, शेवटची लस कोणती आणि कधी, आणि तुम्ही घरी आधीच काय पाजलंय. हे शेवटचं कुणी लपवू नये. पाजलेल्या औषधाची बाटली, रिकामी असली तरी, हाताशी ठेवा.