फिनलंडबद्दल लिहिताना या चुका टाळा

फिनलंडविषयीच्या मजकुरातल्या बऱ्याचशा चुकांचं मूळ एकच: त्याला स्वीडनचं शेपूट तरी समजायचं, नाहीतर रशियाचा तुटलेला तुकडा.

'स्कँडिनेव्हियन देश' हे विशेषण सर्रास चिकटवलं जातं. काटेकोर अर्थाने स्कँडिनेव्हिया म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क. फिनलंडला नॉर्डिक म्हणा; त्या गटात हे तिन्ही देश, फिनलंड आणि आइसलंड येतात. भाषेचं तर बोलायलाच नको. स्वीडिश, रशियन आणि आपली मराठी एकाच भाषाकुळातल्या, फिनिश मात्र त्या कुळाबाहेरची. तिची सख्खी म्हणावी ती एस्टोनियन. आता स्वीडिशही तिथली राजभाषा आहे, हा भाग वेगळा.

'१९१७ पर्यंत रशियाचा प्रांत होता' असं एका ओळीत उरकणारे खूप. १८०९ पर्यंत, म्हणजे काही शतकं, हा मुलूख स्वीडनच्या राज्यात होता. मग तो झारकडे गेला, पण स्वायत्त ग्रँड डची म्हणून, म्हणजे झार हाच ग्रँड ड्यूक, पण कारभार वेगळा. कायदे स्वीडिश काळातलेच राहिले. १८६० मध्ये मार्का हे स्वतःचं चलन आलं. १९०६ मध्ये बायकांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क मिळाला आणि पुढच्याच वर्षी १९ जणी संसदेत गेल्या. हेलसिंकीच्या सिनेट चौकात झार दुसरा अलेक्झांडर याचा पुतळा आजही उभा आहे, कारण १८६३ मध्ये त्याने तिथली प्रतिनिधी सभा पुन्हा भरवली होती. साध्या प्रांताच्या इतिहासात हे बसत नाही.

सगळ्यात खटकते ती 'सोव्हिएत गोटातला देश' ही चूक. १९३९ ते १९४४ दरम्यान फिनलंड सोव्हिएत संघाशी दोनदा लढला, आग्नेय सीमेवरच्या कारेलिया या प्रदेशाचा मोठा भाग गमावला आणि चार लाखांवर विस्थापितांना सामावून घेतलं. पण देश सोव्हिएत ताब्यात गेला नाही, वॉर्सा करार या सोव्हिएत लष्करी आघाडीतही नव्हता. १९४८ च्या मैत्री करारामुळे मॉस्कोची मर्जी सांभाळावी लागली, हे खरं. युरोपीय संघात तो १९९५ मध्ये आला, नाटोत २०२३ मध्ये.

नकाशा उचलण्याआधी उत्तरेचं टोक पाहा. फिनलंड आर्क्टिक महासागराला टेकलेला दिसला, तर नकाशा १९२० ते १९४४ मधला समजा. पेट्सामोचा तो पट्टा आता रशियात आहे आणि फिनलंडला उत्तरेला समुद्रच नाही.

पश्चिमेला मात्र उलटं चाललंय. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यामुळे क्वार्केनच्या (फिनलंड आणि स्वीडनमधल्या अरुंद समुद्रपट्ट्याच्या) किनाऱ्यावर जमीन दरवर्षी आठेक मिलिमीटर वर येते आणि समुद्र मागे हटतो. तेव्हा क्षेत्रफळाचा आकडा देताना सोबत वर्षही लिहा.