फुटक्या कपबश्यांचा पट्टा: बाथरूमच्या भिंतीवर चायना मोझॅक

गच्चीवरचं पांढरं चायना मोझॅक महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तीच पद्धत बाथरूमच्या भिंतीवर वापरली, तर टवका उडालेल्या बश्या आणि जपून ठेवलेल्या फुटक्या कपांना जागा मिळते आणि बिल्डरने लावलेल्या एकसुरी टाइल्समध्ये घराची स्वतःची खूण उमटते. चंदीगडचं रॉक गार्डन नेक चंद यांनी अशाच फुटक्या टाइल्स, कप आणि बांगड्यांतून उभारलं. आपल्याला फक्त एक पट्टा करायचा आहे. सगळी भिंत भरायला जाऊ नका. लहान बाथरूममध्ये इतके तुकडे डोळ्यांवर येतात.

सहा फूट लांबीच्या भिंतीवर एक फूट रुंदीचा पट्टा, खालची कड जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. या उंचीला बादलीतलं साबणाचं पाणी फारसं उडत नाही. जमिनीवर हे काम अजिबात करू नये, कडा पायाला कापतात. गिझरचे बोल्ट आणि नळाच्या चकत्यांभोवती दोन-दोन इंच मोकळे सोडा, नाहीतर पुढे प्लंबर आला की पहिला हातोडा तुमच्या नक्षीवर पडेल.

सामान: टाइलच्या दुकानात उरलेल्या, जोडी नसलेल्या एक फुटी वॉल टाइल्स स्वस्तात मिळतात, अशा सहा घ्या. शक्यतो ग्लेझ असलेल्या साध्या सिरॅमिक टाइल्स असाव्यात. व्हिट्रिफाइड कडक असते, मनासारखी फुटत नाही आणि कडा काचेसारख्या धारदार निघतात. बशीचा सपाट भाग जेमतेम चार इंचांचा, म्हणजे बारा बश्या फोडल्या तर एक चौरस फूट भरतो. म्हणून टाइल्स पार्श्वभूमीला आणि बश्या नक्षीला. जुन्या टाइलवर टाइल लावण्यासाठीच बनवलेलं टाइल अॅडेसिव्ह पाच किलो, रुंद दरजांसाठीचं ग्राउट (फटी भरायचा मसाला) दोन किलो, दातेरी थापी, टाइल निपर (टाइल कातरायची पक्कड), स्पंज आणि गॉगल. गॉगलशिवाय एकही टाइल फोडू नका.

आधी भिंत तपासा. एका नाण्याने प्रत्येक टाइलवर टकटक करा. घट्ट बसलेली टाइल टणक आवाज देते, सुटलेली बद्द वाजते. बद्द टाइल काढून ती जागा भरून घ्यावी लागते, कारण तिच्यावर लावलेलं सगळं पुढेमागे तिच्यासकट खाली येतं. पलीकडच्या खोलीत ओल दिसत असेल तर आधी गळती काढा. मोझॅकने ओल थांबत नाही. मग साबणाचा थर डिटर्जंटने काढून, ६० नंबरच्या पॉलिश पेपरने टाइलची चकाकी घालवा. ही पायरी टाळली की अॅडेसिव्ह गुळगुळीत ग्लेझवरून पापडासारखं सुटतं. बाथरूमच्या अॅसिडने घाईघाईत साफ करू नका, ते दरजांमधलं सिमेंट खातं.

टाइल गोणपाटात पालथी गुंडाळून पाठीवर हातोडीचा एकच ठोका द्या. बारीक आकार निपरने काढा. एक ते दीड इंचाचे तुकडे हाताळायला सोपे. कपाचे वाकडे तुकडे त्याहून लहान करावेत, मोठे घेतले तर मधोमध पोकळी राहते. ज्या कडा हाताला लागतील त्या पाणी लावून दगडावर घासा.

भिंतीला हात लावण्याआधी वर्तमानपत्रावर पूर्ण मापाचा पट्टा आखून तुकडे मांडून पाहा, मध्ये आगपेटीच्या काडीएवढी किंवा किंचित जास्त फट सोडून. फोटो काढून ठेवा.

चार किलो अॅडेसिव्हला साधारण एक लिटर पाणी लागतं, पण पिशवीवर लिहिलेलं प्रमाण अंतिम. घोटून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा घोटा. घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी घालू नका, त्याची पकड जाते. खालच्या रेषेवर आधाराची पट्टी ठोका. एका वेळी दोन चौरस फुटांपेक्षा जास्त पसरू नका. बोट लावल्यावर बोटाला चिकटलं नाही, तर साय धरली आहे असं समजा. तेवढं खरवडून नवीन लावा. एप्रिल-मेमध्ये हे फार लवकर होतं. बशी टाइलपेक्षा पातळ असते, म्हणून तिच्या पाठीला जास्तीचा लेप द्या आणि सपाट फळीने दाबून सगळे तुकडे एका पातळीत आणा. फटीत वर आलेलं अॅडेसिव्ह ओलं असतानाच काडीने काढा. ते वाळलं की ग्राउटला जागाच उरत नाही.

चोवीस तासांनी ग्राउट. इथे रंगच सगळं ठरवतो. पांढऱ्या दरजा बोअरच्या पाण्याने लवकर पिवळ्या पडतात. मध्यम राखाडी घ्या, त्यात निळे-हिरवे तुकडे उठून दिसतात. बारीक फटींसाठीचं ग्राउट इथे भेगाळतं. रबरी थापीने तिरकं ओढत भरा, पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंज ओला राहिला तर दरजांमधला रंग फिका आणि डागाळलेला होतो. दुसऱ्या दिवशी उरलेली धूसर पावडर कोरड्या फडक्याने निघते. एपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही, पण त्याचा राहिलेला थर असा पुसून निघत नाही. ते सवयीच्या माणसाकडूनच भरून घ्या.

पट्टा भिंतीपासून साधारण एक सेंटिमीटर पुढे येतो. वरच्या कडेवर पाणी साचून काळी बुरशी धरू नये म्हणून ग्राउट तिथे उतरतं घ्या, किंवा सुरुवातीलाच अॅल्युमिनियमची कडपट्टी बसवा.

तीन दिवस बाथरूम वापरू नका. उरलेले तुकडे आणि मूठभर कोरडं ग्राउट हवाबंद डब्यात ठेवा. एखादा तुकडा निघालाच, तर जागा खरवडून तोच पुन्हा बसवता येतो, आणि दरजेच्या रंगात ठिगळ दिसत नाही.