एसएमपी/ईमधील डीडीडीईएफ नोंदी : या चुका टाळा

झेड/ओएस या आयबीएम मेनफ्रेमच्या प्रणालीवर एसएमपी/ई हे साधन वापरून दुरुस्त्या बसवताना अप्लायचा (दुरुस्ती प्रत्यक्ष बसवणाऱ्या आदेशाचा) जॉब अडखळला, तर चूक लगेच दिसते. खरा धोका जॉब यशस्वी होऊनही दुरुस्ती भलत्याच लायब्ररीत गेल्यास असतो.

हे बहुधा टार्गेट झोनची (ज्या लायब्ररींत दुरुस्ती बसते त्यांच्या माहितीच्या नोंदसंचाची) प्रत काढल्यानंतर घडते. नव्या झोनमध्ये डीडीडीईएफ नोंदी (कोणता डेटासेट किंवा पाथ वापरायचा हे एसएमपी/ईला सांगणाऱ्या) जशाच्या तशा येतात, म्हणजे त्यांतील व्हॉल्यूम (डिस्कचे नाव) जुन्या सिसरेसचाच, म्हणजे प्रणालीच्या जुन्या डिस्कचाच, राहतो. आणि ज्या नोंदीत युनिट व व्हॉल्यूम दिलेलेच नसतात, तेथे डेटासेट कॅटलॉगवरून (कोणता डेटासेट कोठे आहे त्याच्या सूचीवरून) शोधला जातो आणि कॅटलॉग चालू प्रणालीच्या लायब्ररीकडे बोट दाखवतो. म्हणून राखीव सिसरेसवर काम करताना टार्गेट लायब्ररीच्या प्रत्येक नोंदीत दोन्ही द्यावेत. झोनएडिट या आदेशाने एकदम सर्व नोंदींतला जुना व्हॉल्यूम बदलून नवा घालता येतो, पण व्हॉल्यूम नसलेल्या नोंदी त्या अदलाबदलीत सापडत नाहीत. त्यामुळे या नोंदी छापणाऱ्या लिस्ट डीडीडीईएफ आदेशाचा अहवाल आधी आणि नंतर, दोन्ही वेळा नजरेखालून घालणे मी अनिवार्य मानतो. अप्लाय चेक (काहीही न बदलता घेतलेली चाचणी) निर्धोक आला, एवढ्यावरून व्हॉल्यूम योग्य आहे असे समजू नये.

यूएसएसच्या (झेड/ओएसमधील युनिक्स भागाच्या) पाथमध्ये वेगळी काळजी लागते. पाथ एकेरी अवतरणचिन्हांत, तिरप्या रेघेने सुरू होऊन तिरप्या रेघेनेच संपणारा आणि २५५ अक्षरांच्या आत असावा. त्यात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडतो, म्हणून आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये कॅप्स ऑन राहिले असेल तर दिसायला बरोबर वाटणारी डिरेक्टरी सापडत नाही. पाथच्या सुरुवातीला '/service' जोडणारा झोनएडिट जॉब, जुळवणीचा नमुना केवळ '/' ठेवून, चुकून दोनदा चालवला, तर '/service/service' तयार होते. अप्लायपूर्वी त्या पाथवर योग्य फाइल सिस्टिमच माउंट आहे का, हेही पाहावे, कारण तेथे जुनी प्रत माउंट असेल तर दुरुस्ती मुकाट्याने तिच्यातच जाते.

नोंद असूनही सापडत नसेल, तर सेट बाउंडरी (कोणत्या झोनवर काम करायचे ते सांगणारा आदेश) तपासावी. ग्लोबल झोनमधली नोंद टार्गेट झोनच्या अप्लायला उपयोगी पडत नाही. सिसलिबसारख्या कॉनकॅट (अनेक लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या) नोंदीतील प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद त्याच झोनमध्ये हवी. उलट, नोंद दुरुस्त करूनही परिणाम होत नसेल, तर जेसीएलमध्ये (जॉबच्या आदेशांच्या मजकुरात) त्याच नावाचे जुने डीडी स्टेटमेंट (डेटासेट नेमून देणारी ओळ) उरलेले असते. ते डीडीडीईएफवर मात करते, म्हणून काढून टाकावे.