वर्षानुवर्षं उभी असलेली मॉडिफाइड जुनी जीप रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

सात-आठ वर्षं शेडमध्ये उभी असलेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हाती आली की पहिल्यांदा एकच वाटतं: बॅटरी लावावी, सेल्फ मारावा आणि इंजिनाचा आवाज ऐकावा. ही ओढ मला चांगली ठाऊक आहे. पण सगळ्यात जास्त नुकसान याच पहिल्या तासात होताना मी पाहिलं आहे. त्यात गाडी मॉडिफाइड असेल, तर मॅन्युअलमधली गाडी आणि समोरची गाडी एक राहिलेली नसते. मॅन्युअल सांगतं ६ व्होल्ट, बोनेटखाली असते १२ व्होल्टची बॅटरी. मॅन्युअलमध्ये पेट्रोल इंजिन, गाडीत डिझेल. आधीच्या मालकांनी काय काय बदललं हे कळेपर्यंत पाना उचलू नये, हे माझं पहिलं सांगणं.

बदलांची यादी न करताच काम सुरू करणं

एक अख्खा दिवस टॉर्च आणि वही घेऊन नुसतं बघण्यात घालवा. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, पाटे किती, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) मूळ की लांब केलेले, वेल्डिंग कुठे कुठे झालंय, टायरचा साइज काय, सगळं लिहून काढा. पुढे सुटा भाग मागवताना ही वही कामाला येते, कारण मूळ मॉडेलचं नाव सांगून आणलेला भाग निम्म्या वेळा बसत नाही.

या यादीत एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते. १९४१ ते १९४५ मधल्या विलिस एमबी या लष्करी जीपचा रेशो ४.८८ होता, तिच्यानंतरच्या नागरी सीजे-२एचा ५.३८. पुढचे एक्सल दिसायला इतके सारखे की एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ अशी गाडी टू-व्हीलमध्ये वर्षानुवर्षं निमूट चालते. चिखलात चाकं घसरत असल्यामुळे फोर-व्हीलमध्येही लगेच कळत नाही. कडक जमिनीवर मात्र पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात, फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो आणि शेवटी शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस किंवा गिअरचा दात तुटतो.

तपासायला फार काही लागत नाही. ज्या एक्सलचा रेशो बघायचा त्याची दोन्ही चाकं स्टँडवर अधांतरी घ्या, दुसऱ्या एक्सलच्या चाकांना ठोकळे लावा, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला ठेवा. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्ट पाचाला थोडा कमी फिरला तर ४.८८. पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला तर ५.३८. दुसऱ्या एक्सललाही हेच करा. आकडे जुळले नाहीत तर एक्सल बदलेपर्यंत फोर-व्हीलचा लिव्हर हातात घेऊ नका.

पहिल्याच दिवशी सेल्फ मारणं

उभ्या गाडीत रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असतात आणि बेअरिंगवर तेलाचा थर उरलेला नसतो. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, रात्रभर थांबा आणि मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. फिरत नसेल तर पुन्हा तेल सोडा आणि दिवस जाऊ द्या. गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढण्याचा मोह आवरा. जाम इंजिन त्याने कधी कधी सुटतं, पण रिंग तुटून किंवा कनेक्टिंग रॉड वाकून.

इथे मूळ इंजिन आहे की बदललेलं, याने फरक पडतो. विलिसचं ६० अश्वशक्तीचं, २.२ लिटरचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह आहे. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्याने अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही, फक्त कॉम्प्रेशन मिळत नाही. वरच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेलं इंजिन बसवलेलं असेल, तर अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. म्हणून टॅपेट कव्हर काढून, सगळे रॉकर नीट वर-खाली होतात का ते बघतच इंजिन फिरवायचं.

डिपस्टिक काढली की आधी वास घ्या. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइल संपमध्ये उतरतं. ऑइलची पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल एक सेकंदही इंजिनात फिरू देऊ नका. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. त्याचा चिकट राप कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. सुरुवातीला टाकीची लाइन सोडवून, ताजं पेट्रोल एका लहान डब्यातून द्या, म्हणजे टाकीतला गंज पुढे येत नाही.

प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ थोडा थोडा फिरवा आणि गेजवर ऑइल प्रेशर दिसलं की मगच प्लग लावा. जुन्या विलिससाठी प्लगचा गॅप ०.०३० इंच आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा ०.०२० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर आधी इंजेक्शन पंपाचा स्टॉप लिव्हर हाताने हलवून पाहा. पंपाचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा) अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. तळहात लावायचा नाही.

गाडी सुरू होते, दहा मिनिटांनी बंद पडते आणि थोडं थांबलं की पुन्हा चालते, ही तक्रार फार ऐकू येते. बंद पडल्या क्षणी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसा आवाज नसेल तर इंजिन गार व्हायच्या आत स्पार्क बघा. तो कमजोर असेल तर गरम झालेला कॉइल किंवा कंडेन्सर तपासा. गार झाल्यावर तपासलं तर सगळं ठीकच दिसतं आणि दिवस फुकट जातो.

वायरिंगवर विश्वास ठेवणं

माझ्याकडे आलेली एक जीप सेल्फ अगदी संथ फिरवायची. बॅटरी नवी होती. मी सेल्फ उघडला, ब्रश बदलले, टर्मिनल घासले, तरी तेच. तिसऱ्या दिवशी सेल्फ मारता मारता चोकच्या वायरला हात लागला आणि बोटं भाजली. वायरचं प्लॅस्टिकचं वेष्टण मऊ होऊन चोळामोळा झालं होतं. इंजिन बदलणाऱ्याने रबरी माउंटिंग नीट बसवली होती, पण इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी परत लावलीच नव्हती. सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधत चोकच्या वायरमधून जात होता. रंग खरवडून एक जाड विणलेली पट्टी लावली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

तेव्हापासून कुठल्याही बदललेल्या इंजिनावर मी आधी एकच माप घेतो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला, आणि सेल्फ मारताना वाचन बघायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष अर्थिंगमध्ये आहे.

बॅटरी जोडण्याआधी गाडी कुठल्या अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक चासीला जोडलेलं आहे, तेही बघा. सुरुवातीच्या लँड रोव्हर पॉझिटिव्ह अर्थ होत्या. अशा गाडीत कुणी अल्टरनेटर बसवलेला असेल आणि बॅटरी उलटी जोडली गेली, तर डायोड तत्क्षणी जातात. पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड दहापेक्षा जास्त दिसले तर शोधत बसू नका, फ्यूज बॉक्ससकट नवं वायरिंग करा.

ब्रेक शेवटी ठेवणं

ही चूक माणसांच्या जिवावर बेतते. इंजिन सुरू झालं की आनंदाच्या भरात गाडी अंगणात फिरवली जाते आणि तेव्हाच पेडल जमिनीला टेकतं. या काळातल्या बहुतेक गाड्यांना एकच ब्रेक सर्किट आहे. एका व्हील सिलिंडरची सील फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून मी इंजिनाच्या आधी ब्रेक करतो.

चारही ड्रम काढा. आतली धूळ हवेने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचे पिस्टन अडकलेले असणारच, किट बदला. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर किटवर भागवू नका, सिलिंडरच नवा घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक फ्लुइडं हवेतली ओल शोषतात, म्हणून जुनं फ्लुइड पूर्ण काढा. सिलिकॉनचं डॉट ५ त्यांच्यात मिसळत नाही, आधीच्याने काय भरलंय याची खात्री नसेल तर सगळी लाइन धुऊन घ्या.

रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजलेला असतो. पाय दाबला की फ्लुइड पुढे जातं, सोडला की परत येत नाही, आणि चाक जखडून ड्रम तापतो. अशा वेळी लोक शू ॲडजस्ट करत बसतात. त्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा) जरा सैल करा: पिचकारी उडून चाक सुटलं तर दोष वर, होजमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. चाक तरीही अडकलेलंच राहिलं तर ड्रमच्या आत बघा.

उंची वाढवलेल्या गाडीत आणखी एक तपासणी करा. चासी उचलून एक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि होजकडे बघा. ताणून सरळ झाला असेल तर एखाद्या खोल खड्ड्यात तो तुटणार. लांब होज घाला, चासीवरची पट्टी वाकवून जुळवू नका.

हँडब्रेकबद्दल हे आवर्जून सांगतो. विलिस आणि जुन्या लँड रोव्हरमध्ये तो चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. जॅक लावण्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

थरथर दिसली की डॅम्पर लावणं

एका खड्ड्यानंतर पुढची चाकं थडथड हलायला लागतात आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत थांबत नाहीत. यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर लावण्याची पद्धत पडली आहे. त्याने झीज झाकली जाते, दुरुस्त होत नाही. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. मग डावी-उजवी बाजू धरून टायरॉड एंड तपासा. लांब शॅकल घातलेल्या गाडीत कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, हाही मोजून घ्या, कारण उंचीबरोबर एक्सलचा कोन फिरतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर कास्टर कमी पडतोय. पाट्यांखाली पाचर देऊन तो परत आणता येतो.

टायरवर नक्षी भरपूर असली तरी बाजूचा आकडा वाचा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीनच असतील तर टायर २००० सालाच्या आधीचं आहे, त्यावर गाडी हलवूच नका. २९ इंचांऐवजी ३३ इंची टायर घातलेले असतील तर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ च्या आसपास असते आणि थांबवायला पेडलवर जोर जास्त लागतो.

गिअर ऑइल

जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असतात, तिथे जीएल-४ दर्जाचं ऑइल भरा, जीएल-५ नको. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. एक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर जायची वाट) मोकळा करा, नाहीतर गरम झालेलं ऑइल सीलमधून थेट ब्रेक लायनरवर येतं.

रस्त्यावर जाण्याआधी इंजिन आणि चासी नंबर, इंधनाचा प्रकार आणि केलेले बदल कागदांशी जुळतात का आणि विमा कंपनीला ते कळवलेत का ते बघा. पहिली फेरी पाच किलोमीटरची, मोकळ्या रस्त्यावर. परत आल्यावर चारही ड्रम हाताने चाचपा. एकच जास्त गरम असेल तर तिथे पुन्हा जा. पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट या फेरीनंतर एकदा, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पान्याने आवळा, आणि आकडा वहीत तारखेसह लिहा.