पाठ टेकल्यानंतरची कुस्ती : जिऊ-जित्सू शिकू लागणाऱ्यांसाठी

पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हा नियम ज्याने जन्मात कधी लंगोट कसला नाही अशा पुणेकरालाही ठाऊक असतो. पेठांमधल्या तालमींची ती पुण्याईच म्हणायची. ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकायला येणाऱ्याने मात्र तो नियम पहिल्याच दिवशी चपलांबरोबर बाहेर ठेवावा. येथे पाठीवर असलेला माणूस चीत झालेला नसतो. समोरच्याला दोन पायांच्या कवेत धरून तो खालूनच हात अडकवतो, गळा आवळतो किंवा त्याला उलटवून वर येतो. या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात. १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचलेल्या मित्सुयो माएदा या जपानी जुदोपटूची विद्या ग्रेसी कुटुंबाने पुढे नेली आणि तिचा सारा भर जमिनीवरच्या झुंजीवर आणला, त्याचे हे फळ.

क्लास निवडताना भिंतीवरची पदके पाहू नयेत. कडेला बसून एक पूर्ण तास पाहावा. सराव चालू असताना एखाद्याने हार मानली, तर जोडीदार पकड त्याच क्षणी सोडतो की आणखी थोडी आवळून मग सोडतो, एवढे एकच पाहिले तरी पुरेसे आहे. नवख्याला कोणाच्या हाती देतात, हेही लक्षात घ्यावे. बाकी अंतराचा विचार करावा, कारण आठवड्यातून दोन-तीनदा जाणे झाले नाही तर काहीच अंगी लागत नाही, आणि संध्याकाळी सात वाजता कर्वे रस्ता ओलांडून जायचे असेल तर तिसऱ्या आठवड्यात उत्साह मावळतो.

पहिला धडा डावाचा नव्हे, थापेचा. कुस्तीत शड्डू ठोकून आव्हान देतात. येथे जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा स्पष्ट थाप मारून हार मान्य करतात, आणि हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणतात. (मराठीत थाप मारण्याचा अर्थ अगदी उलटा, पण मॅटवर याहून प्रामाणिक कृती नाही.) दुखू लागेपर्यंत थांबू नये. आर्मबारमध्ये, म्हणजे हात ताणून कोपरावर जोर देणाऱ्या पकडीत, कोपर सरळ ताणले गेले की सुटकेची वेळ बहुधा टळलेली असते. टाच धरून पाय पिरगळणाऱ्या हील हूकमध्ये तर वेदना जाणवण्याआधीच गुडघ्याचे अस्थिबंध फाटू शकतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिल्याच महिन्यात मी मानापोटी थाप मारायला उशीर केला आणि पुढचे तीन आठवडे स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना कोपर मला त्याची आठवण करून देत होते.

त्यानंतर कोळंबी. होय, इंग्रजीत या हालचालीला ‘श्रिम्प’ म्हणतात आणि ती दिसतेही तशीच. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, एका कुशीवर वळावे, खालच्या खांद्यावर आणि वरच्या पायाच्या तळव्यावर भार घेऊन कंबर झटक्यात मागे सारावी. शरीर कोळंबीसारखे वाकते आणि छातीवर बसलेल्या माणसाच्या व आपल्या मध्ये वीतभर जागा निर्माण होते. त्या जागेत गुडघा घातला की गार्ड परत मिळतो. कंबर उचलण्याऐवजी नुसते हातांनी ढकलणे ही नवख्यांची हमखास चूक असून, पसरलेला हात म्हणजे समोरच्याला दिलेले आमंत्रण होय. पहिले तीन महिने हीच हालचाल, सुरक्षित पडणे आणि श्वास न कोंडणे एवढे जमले तरी चांगली प्रगती समजावी.

मुलांचे गणित वेगळे आहे. लहान गटात पकडापकडीच्या खेळांतून तोल आणि पकड शिकवणारा शिक्षक चांगला. मान ओढणारे व पायाचे सांधे पिरगळणारे डाव मुलांना शिकवले जात असतील तर तेथून मूल काढून घ्यावे. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या पद्धतीत मुलांचे पट्टे पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे चढतात, तर निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही. म्हणून दहा वर्षांच्या मुलाला काळा पट्टा देऊ करणाऱ्यापासून लांब राहावे. आईबाबांनी कडेला बसून ‘पाय धर, पाय धर’ असे ओरडू नये. मूल मग शिक्षकाकडे न पाहता तुमच्याकडेच पाहत राहते.

पुण्याच्या पावसाळ्यात खरा प्रतिस्पर्धी म्हणजे नायटा. नखे कापलेली असावीत, मॅटबाहेर अनवाणी फिरू नये, आणि तास संपताच साबणाने अंघोळ करावी. अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवून तो बरा होईपर्यंत मॅटवर जाऊ नये. ‘गी’ म्हणजे सरावाचा तो जाड सुती अंगरखा जुलैत दोन दिवस वाळत नाही. तेव्हा दोन गी घ्यावेत, घामाने भिजलेला गी रात्रभर बॅगेत न ठेवता लगेच धुवावा, आणि पट्टाही त्याच्याबरोबर धुऊन पंख्याखाली टाकावा.