गाडीचे स्वर्ल आणि ओरखडे मशीन पॉलिशरनं घरच्या घरी काढायचे असतील तर

काळी किंवा गडद निळी गाडी भर उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचा ठिपका जिथं पडतो तिथं बघा. त्या ठिपक्याभोवती गोल गोल बारीक रेघा दिसतात ना, तेच स्वर्ल. खरं म्हणजे त्या रेघा गोल नसतातच, चारी दिशांना आडवेतिडवे पडलेले हजारो बारीक ओरखडे असतात, पण ज्यांच्यावर उजेड आडवा पडतो तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला ते गोल वाटतं. पांढऱ्या गाडीवर पण हे सगळं असतंच, फक्त डोळ्यात भरत नाही.

बेळगाव भागात हे जरा लवकरच होतं. खानापूर जांबोटीकडं लाल माती, पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलं की दारांच्या खालच्या बाजूला तिचा थर बसलेला असतो, आणि चिकोडी रायबागकडं साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरमागनं धूळ खात यायचं. धूळ बसली म्हणून ओरखडे पडत नाहीत हो, ती धूळ आपण कोरड्या फडक्यानं किंवा त्या झिपऱ्या डस्टरनं रोज सकाळी पुसतो म्हणून पडतात. मातीतले बारीक खडे फडक्याखाली येतात आणि हात जिकडं फिरेल तिकडं रेघ ओढत जातात. सर्व्हिसिंगला एकाच बादलीत दहा गाड्यांचा फडका बुचकळतात तिथंही हेच होतं.

मशीन हातात घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास धरला तर त्याच्यापेक्षाही कमी. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत घासून सपाट करणं. म्हणजे दर वेळी थोडा थर कायमचा जातो आणि तो परत येत नाही. म्हणून जेवढ्या कमीत कमीत काम होईल तेवढंच करायचं, मग दोन-चार खोल रेघा राहिल्या तरी चालतील. नखानं ओरखड्यावर आडवं फिरवून बघा, नख अडकलं तर तो बहुतेक पॉलिशनं जाणारा नाही, त्याच्या कडा थोड्या मऊ होऊन तो कमी दिसेल एवढंच. पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर तिथं टचअप पेंटच लागतो, मशीन घेऊन तिथं घासत बसू नका.

आता धुणं. माझं मत विचाराल तर अर्धं काम इथंच आहे आणि लोक इथंच घाई करतात. आधी प्रेशर वॉशरनं किंवा पाईपनं माती पूर्ण सुटेपर्यंत पाणी मारा, चाकांच्या वरच्या कमानी आणि दारांचा खालचा भाग विसरू नका, मग दोन बादल्या घ्या, एकात शाम्पूचं पाणी, दुसऱ्यात नुसतं, मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक पत्र्यानंतर नुसत्या पाण्यात पिळून मगच परत शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं. बोअरचं पाणी असेल तर सावलीतच धुवा आणि लगेच पुसा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि ते काढायचं वेगळं काम होऊन बसतं.

धुऊन झालं की हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हळू हात फिरवा. गुळगुळीत दिसणारा पत्रा खरखरीत लागेल. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपच्या आसपास जे रोज गाडी लावतात त्यांना तर जास्तच, कारण ग्राइंडिंगचे लोखंडाचे बारीक कण हवेतून येऊन क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात आणि तिथंच गंजतात. त्याला आयर्न रिमूव्हर मारायचा, कण जिथं असतील तिथं जांभळा रंग वाहायला लागतो, वाळू न देता धुऊन टाकायचा. मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वंगणाला शाम्पूचं पाणी भरपूर मारून, दाब न देता. क्ले खाली पडला की सरळ फेकून द्या, धुऊन परत वापरायचा नाही. हे न करता मशीन लावलं तर तेच कण पॅडखाली फिरतात आणि नवे ओरखडे आपणच पाडतो.

प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या, रबर, लोगो, दारांच्या धारदार कडा यांना मास्किंग टेप लावा. कडांवर आणि घडीच्या रेषांवर क्लिअर कोट आधीच पातळ असतो, तिथंच पटकन रंग उघडा पडतो.

मशीन घरच्या माणसानं डीए घ्यावं, म्हणजे ड्युअल ॲक्शन. त्यात पॅड गोल फिरता फिरता थरथरतोही, त्यामुळं एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी मशीन, गॅरेजवाल्यांच्या हातात शोभते, तिचा कट, म्हणजे थर घासून काढायची ताकद, जोरदार असतो पण हात बसलेला नसला तर ती जाळते आणि वर होलोग्राम, म्हणजे मशीन फिरल्याचे धुरकट पट्टे, सोडते, ते उन्हात दिसतात. पॅड ज्या चकतीवर चिकटतो ती बॅकिंग प्लेट, 5 इंची बहुतेक गाड्यांना पुरते. पॅड फोमचे, एक मध्यम पॉलिशिंगचा, एक मऊ फिनिशिंगचा, आणि गरज पडली तरच कटिंगचा, आणि प्रत्येक प्रकारचे दोन-तीन ठेवा कारण एका पॅडवर पूर्ण गाडी होत नाही. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक काळी रेघ मारून ठेवा, ती पुढं कामाला येते.

सुरुवात नेहमी टेस्ट स्पॉटनं. बॉनेटचा साधारण दीड-दोन फुटाचा चौकोन टेपनं आखून घ्या. सगळ्यात हलकं पॉलिश आणि मध्यम पॅड, म्हणजे कमी ताकदीपासून वर जायचं, उलटं नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून ठिपके पसरवा, मग मशीनच्या वेगाच्या 1 किंवा 2 नंबरवर पूर्ण चौकोनात पसरवून 4-5 वर न्या. हात सावकाश, सेकंदाला इंचभर इतका सावकाश, आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवत. असे चार ते सहा फेरे. पॅड पत्र्याला सपाटच राहिला पाहिजे. गल्लीतलं कुणीतरी येऊन "जरा दाबून धर की" म्हणणारच, त्याचं ऐकू नका. आता ती काळी रेघ बघा, ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ नुसती जागच्या जागी थरथरत असेल तर दाब जास्त झालाय किंवा पॅड वाकडा धरलाय, आणि तसं असेल तर मशीन नुसतं आवाज करतं, काम काहीच होत नाही.

झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारा, एक भाग आयपीए आणि चार-पाच भाग डिस्टिल्ड वॉटर. हे का, तर पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून ओरखडे लपवतं आणि आपल्याला वाटतं गेले. बाहेर स्वस्तात पॉलिश करून आणलेली गाडी तीन-चार धुण्यांत परत पहिल्यासारखी दिसते ती बऱ्याचदा यामुळंच. पुसून झालं की मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, ट्यूबलाईटखाली काहीही कळत नाही. टेपच्या आतला आणि बाहेरचा भाग शेजारी शेजारी दिसतो, फरक तिथंच कळतो. समाधान झालं तर हाच जोड सगळ्या गाडीला. नाही झालं तर आधी पॅड बदला, मग पॉलिशच्या जागी कंपाऊंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, घ्या.

काम सावलीत, थंड पत्र्यावरच. अधूनमधून हात ठेवून बघा, पत्रा कोमट चालतो, हात ठेववत नसेल तर थांबा. बंपर प्लास्टिकचे असतात, उष्णता धरून ठेवतात, तिथं फेरे कमी आणि वेग कमी. दर चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा, कंपाऊंडची भुकटी साठली की पॅड कट करायचं सोडून देतो. जुन्या गाडीवर पॅडला गाडीचाच रंग लागला तर एक तर त्या गाडीला क्लिअर कोटच नाही किंवा तो संपलाय, अशा वेळी लगेच थांबून आधी ते नक्की करा. वायर खांद्यावरून घ्या म्हणजे पत्र्यावर घासत नाही, आणि मध्येच करंट गेला तर आधी स्विच बंद करा, नाहीतर करंट येताना मशीन हातातून उडतं.

कंपाऊंड वापरलं असेल तर नंतर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशनं एक हात हवाच, काळ्या गाडीला तर हमखास, नाहीतर धुरकट झाक राहते. पांढऱ्याला मी सोडून देतो.

शेवटी परत आयपीए, आणि उघड्या क्लिअर कोटवर वॅक्स किंवा सीलंट. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी हे काम काढलेलं बरं, हवा कोरडी होत असते आणि उसाची धूळ अजून सुरू झालेली नसते. खंडेनवमीच्या पूजेला हळदकुंकू बॉनेटच्या रंगावर न लावता काचेवर किंवा नंबर प्लेटवर लावा, आणि बॉनेटवर सांडलंच तर कोरडं पुसू नका, पाण्यानं वाहून जाऊ द्या.